हाताला डोळे फुटेपर्यंत

बलिप्रतिपदेला गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत गायगोधन असते. सकाळपासून गायी धुतल्या जातात, शिंगे रंगतात, गळ्यांत झेंडूच्या माळा पडतात आणि आखरावर सगळे गोधन जमते. गोवारी समाज ढालीची पूजा करतो, डफड्यांचा आवाज घुमतो. एरवी सकाळी रानाकडे आणि सांजेला कोठ्याकडे वळणारा कळप त्या दिवशी सगळ्या गावासमोर उभा राहतो. अंगाने लहान पण काटक अशा गायी, मधूनच एखादी जर्सी संकरित, थोड्या म्हशी आणि त्याच कळपात मोकळा हिंडणारा गोऱ्हा. या जिल्ह्याची पशुसंपत्ती कशी आहे हे कोणत्याही अहवालापेक्षा आखरावर जास्त चांगले कळते.

अशाच एखाद्या गर्दीत गावचाच एक तरुण किंवा तरुणी असते, जिचे कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण नुकतेच संपलेले आहे. प्रमाणपत्र घरच्या पेटीत आहे, द्रव नायट्रोजनचे भांडे ओसरीत आहे. गाव आत्ताच ‘डॉक्टर’ म्हणू लागले आहे. आपण डॉक्टर नाही, हे तिला ठाऊक असते. आपल्या हाताला अजून हवी तशी सवय झालेली नाही, हेही तिला ठाऊक असते. प्रमाणपत्र आणि हातखंडा यांच्यामध्ये शेकडो गायी उभ्या असतात आणि त्या गायी कोणाच्या ना कोणाच्या दावणीच्या असतात.

हा लेख त्या मधल्या काळाबद्दल आहे. माझे म्हणणे सरळ आहे. नव्या रेतन तंत्रज्ञाचा शिकण्याचा काळ आज कोणाच्याच ठळक जबाबदारीत येत नाही. त्याची किंमत मोजतो तो एकाच गायीचा धनी. ही व्यवस्था बदलता येते आणि बदलायला हवी.

प्रमाणपत्र कुठवर नेते

राष्ट्रीय गोकुळ अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. ग्रामीण भागात घरपोच रेतनसेवा देणारे बहुउद्देशीय तंत्रज्ञ तयार करायचे, ही त्यातली एक मोठी योजना. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘मैत्री’ हे नाव पडले. प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचे असते: एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष कामावर. ११ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधानांनी मथुरेत राष्ट्रव्यापी कृत्रिम रेतन कार्यक्रमाची सुरुवात केली. ज्या जिल्ह्यांत निम्म्याहून कमी जनावरांपर्यंत ही सेवा पोचते, त्या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या दारात मोफत रेतन, असे त्याचे स्वरूप होते. देशभरात आजवर ३८ हजारांहून अधिक मैत्री प्रशिक्षित झाले आहेत. त्यांना सरकारी पगार नाही. गावात राहून, काम करून, सेवेच्या मोबदल्यावर त्यांनी उभे राहायचे आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात अशा माणसाची गरज खरीच आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव हा भाग बऱ्यापैकी सपाट आणि दळणवळणाचा. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव हा जंगलाचा, तलावांचा, विखुरलेल्या टोल्यांचा. पशुवैद्यकीय दवाखाना एका गावात आणि गाय दूरच्या टोल्यावर. गायीचा माज टिकतो १२ ते १८ तास. तेवढ्या वेळात माज ओळखायचा, निरोप पोचवायचा, माणसाने यायचे आणि काम व्हायचे. बाहेरगावचा कर्मचारी कितीही कामसू असला तरी हे गणित रोज जुळवू शकत नाही. गावातला माणूस जुळवू शकतो. तो पोवारी बोलतो, झाडीबोली बोलतो, गोंडी समजतो. कोणाच्या कोठ्यात कोणती गाय कधी व्याली हे त्याला वहीशिवाय माहीत असते.

म्हणजे माणूस बरोबर निवडला जातो, जागाही बरोबर असते. अडचण हाताची असते.

डावा हात, उजवा हात

कृत्रिम रेतन हे काम बाहेरून बघणाऱ्याला दोन मिनिटांचे वाटते. भांड्यातून रेताची एक कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, रेतनाच्या बंदुकीत भरली, गायीत सोडली, झाले. कांडी असते पाव मिलिलिटरची. तिच्यात साधारण दोन कोटी शुक्राणू, उणे १९६ अंश सेल्सिअसवर गोठवलेले. ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवायची, पुसायची, टोक सरळ कापायचे, बंदुकीवर आवरण चढवायचे. इथपर्यंत सगळे डोळ्यांसमोर घडते आणि वर्गात नीट शिकवता येते.

पुढचे सगळे अंधारात घडते. डावा हात लांब मोजा घालून, साबणपाणी लावून गायीच्या गुदाशयात जातो. त्याच्या पातळ भिंतीतून खाली असलेले गर्भाशयाचे मुख बोटांना शोधायचे असते. ते कुर्चेसारखे घट्ट लागते, आजूबाजूचे बाकीचे सगळे मऊ असते. गढूळ बोडीत हाताने मासा चाचपणारा ढिवर पाण्याकडे बघत नाही, तशीच इथेही नजर कामाची नसते. उजव्या हातातली बंदूक योनीमार्गातून आधी वरच्या दिशेने तिरकी न्यायची, कारण तळाशी मूत्रमार्गाचे तोंड असते आणि बंदूक सरळ नेली तर तिथे अडकते. मग ती आडवी करायची. ती मुखापाशी पोचली की खरी कसोटी सुरू होते. गायीच्या गर्भाशयमुखात तीन-चार वळ्या असतात. त्यांच्यातून बंदूक ढकलायची नसते. डाव्या हाताने ते मुखच वरखाली हलवत बंदुकीवर चढवायचे असते. बंदूक स्थिर, हलते ते मुख. ही गोष्ट सांगून एका मिनिटात समजते आणि हाताला कळायला कित्येक गायी जातात.

शेवटची वळी ओलांडली की बंदुकीचे टोक लगेच थांबवायचे. गर्भाशयाचा मुख्य भाग तिथून जेमतेम बोटभर लांबीचा असतो. तिथे सावकाश रेत सोडायचे. टोक आधीच थांबले तर रेत मुखातच राहते आणि परत वाहून येते. टोक पुढे गेले तर रेत गर्भाशयाच्या एकाच शिंगात जाते, आतल्या नाजूक अस्तराला इजा होऊ शकते. आणि गाय आधीच गाभण असेल, तर आत गेलेली बंदूक गर्भपात घडवू शकते. काही गायी गाभण असूनही माजाची लक्षणे दाखवतात, म्हणून बंदूक भरण्याआधी हाताने गर्भाशय तपासणे हा नियम कधीच मोडायचा नसतो.

नवशिक्याचे पहिले आठवडे दमवणारे असतात. गुदाशयात हवा भरते, भिंती फुग्यासारख्या ताणल्या जातात आणि बोटांना काहीच लागत नाही. अशा वेळी हात शांत ठेवून आतड्याच्या आकुंचनाची लहर ओसरू द्यायची, हे शिकावे लागते. गाय जोर लावते तेव्हा हात बधिर होतो. घाई झाली की बोटे चिमटे घेतात, रक्त दिसते, गायीचा धनी बघत उभा असतो. नखे काढलेली, अंगठी उतरवलेली, आवाज खाली ठेवलेला माणूसच गायीजवळ टिकतो.

सराव कशावर करायचा

मग सराव कशावर करायचा, हा प्रश्न उरतोच. प्रशिक्षण केंद्रांत कृत्रिम प्रतिकृती असतात. त्या पहिली ओळख करून देतात, पण जिवंत शरीराची ऊब, लहर आणि विरोध त्यांत नसतो. काही ठिकाणी कत्तलखान्यातून आणलेली जननेंद्रिये टेबलावर ठेवून बंदूक कशी चढते ते दाखवतात. ही पद्धत फार उपयोगी आहे, कारण तिथे डोळा आणि हात एकत्र शिकतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. त्यामुळे असा नमुना मिळालाच तर तो म्हशीचा असतो. म्हशीची रचना बरीच सारखी असली तरी जशीच्या तशी नाही.

उरते जिवंत जनावर. तिथेही मर्यादा आहे. एकाच गायीवर दिवसभरात अनेकांचे हात गेले तर आतले अस्तर सुजते, गायीला यातना होतात. म्हणून एका प्रशिक्षणार्थ्याला हवे तितके सराव देण्यासाठी गायींची संख्या मोठी लागते, आणि त्या गाभण नसलेल्या लागतात. मोठ्या तुकडीत प्रत्येकाच्या वाट्याला येणारे सराव साहजिकच कमी होतात.

प्रशिक्षणाचे पुढचे दोन महिने प्रत्यक्ष कामाचे. ते कुठे आणि कोणाच्या हाताखाली काढले, यावर त्या तंत्रज्ञाचे पुढचे आयुष्य ठरते. रोज भरपूर रेतने होणाऱ्या, दूध संकलनाची सवय असलेल्या पट्ट्यात एखाद्या जुन्या पशुधन पर्यवेक्षकाबरोबर ते गेले, तर हात तयार होऊन येतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या दूधपट्ट्यातल्या गावात एका सकाळी जितकी बोलावणी येत असतील, तितकी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या गावात कित्येक दिवसांत येत नाहीत.

धानाच्या मुलखातली गाय

याचे कारण गोंदियाच्या शेतीत आहे. हा धानाचा जिल्हा. इथे गाय बऱ्याच घरांत दुधासाठी कमी आणि शेणखतासाठी, बैलासाठी जास्त पाळली गेली. रोवण्याच्या आधी बांधीत चिखलणी करायला बैल आणि हल्ये (रेडे) लागत. गायी दिवसभर गायक्याच्या (गुराख्याच्या) मागे रानात. खाणे म्हणजे रानातला चारा आणि घरी तणस. धानाच्या तणसात प्रथिने फार कमी, वाळूसारखा सिलिका जास्त, शिवाय कॅल्शियम बांधून ठेवणारी ऑक्झलेट. वर्षभर तेवढ्यावर राहिलेल्या गायीच्या अंगात खनिजे कमी पडतात आणि ती वेळेवर माजावर येत नाही. वासरू दोन वर्षांचे झाले तरी गाय भाकडच, ही तक्रार या भागात नवी नाही.

नव्या तंत्रज्ञाला यातून दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, बोलावणे येत नाही याचा अर्थ लोकांना सेवा नको आहे असा नेहमीच नसतो. गायी माजावरच येत नसतात. खनिज मिश्रण, जंतनिर्मूलन आणि थोडा हिरवा चारा यांनी जितका फरक पडतो, तितका नुसत्या कांडीने पडत नाही. दुसरी, जी गाय माजावर येते तिच्यापर्यंत कळपातला गोऱ्हा आधी पोचलेला असतो. म्हणून नको असलेल्या नरांचे वेळीच खच्चीकरण हा रेतनाच्या कामाचाच भाग आहे. चिमट्याने होणारे, रक्त न काढणारे हे काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली गावाने ठरवून एकत्र करून घ्यायचे असते.

माज ओळखण्याच्या बाबतीत गोंदियाच्या तंत्रज्ञाला दोन गुरू गावातच मिळतात. एक गायकी. कळपात कोणती गाय कोणावर उडते, कोणती उभी राहून उडू देते, हे दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असते. उभी राहून उडू देणे ही माजाची सर्वांत भरवशाची खूण. दुसरी घरची बाई. दूध एकदम घटले, गाय हंबरते, वारंवार लघवी करते, काचेसारखा सोट (स्राव) लोंबतो, हे कोठा झाडणाऱ्या बाईला आधी दिसते. म्हशीचा माज तर मुका असतो, उन्हाळ्यात तर फारच, आणि तो बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे कळतो. ‘काकाजी, कधीपासून आहे माजावर?’ हा प्रश्न विचारणाऱ्या तंत्रज्ञाने तोच प्रश्न घरातल्या काकूलाही विचारला पाहिजे. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा साधा नियम तिच्या उत्तरावर अवलंबून असतो. स्त्रीबीज सुटते ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. हात कितीही कुशल असला तरी वेळ चुकली तर काम वाया जाते.

मे महिना आणि पौष महिना

वर्गात जे एकाच तापमानाला शिकवले जाते, ते गोंदियात दोन टोकांवर करावे लागते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिसाकडे सरकतो. द्रव नायट्रोजन झपाट्याने उडतो. भांडे जीपमध्ये, दुचाकीवर, उन्हात राहिले की तळ गाठायला वेळ लागत नाही. एकदा पातळी कांड्यांच्या खाली गेली की आतले शुक्राणू मरतात. गंमत अशी की मेलेली कांडी जिवंत कांडीसारखीच दिसते. म्हणून दर दोन-चार दिवसांनी पट्टी घालून पातळी मोजणे आणि तारखेसह लिहून ठेवणे याला पर्याय नाही. कांडी काढताना कांड्यांची डबी भांड्याच्या गळ्याच्या वर आणायची नाही, चिमटा वापरायचा, हात झटपट चालवायचा. शोधाशोधीत गेलेले दहा-पंधरा सेकंदही बाकीच्या कांड्यांना भोवतात.

हिवाळ्यात उलटे होते. विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचे नाव वारंवार येते. पौषातल्या सकाळी पोलादी बंदूक बर्फासारखी गार असते. ३७ अंशांवर विरघळवलेली कांडी त्या गार बंदुकीत भरली की शुक्राणूंना थंडीचा धक्का बसतो. बंदूक आधी तळव्यात चोळून किंवा कपड्यात गुंडाळून कोमट करायची, भरलेली बंदूक छातीशी आडोशाला धरायची, विरघळवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत काम संपवायचे. या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात. हाताच्या सवयीत त्या उतरतात तेव्हा गाभण राहण्याचे प्रमाण वाढते.

एकवीस दिवसांचा हिशेब

क्षेत्रात कृत्रिम रेतनाने गाय गाभण राहण्याचे प्रमाण देशात ३५ टक्क्यांच्या आसपास धरले जाते, म्हणजे साधारण तीन रेतनांत एक. यात गायीचे कुपोषण, चुकलेली वेळ, गर्भाशयाचा संसर्ग, कांडीची प्रत, असे सगळे दोष एकत्र आहेत. नवशिक्याचा हात या सगळ्यावर आणखी भर घालतो.

गाय गाभण राहिली नाही तर ती उलटते, म्हणजे साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. हे २१ दिवस कोणाचे जातात? समजा गाय व्याल्यावर रोज सहा लिटर दूध देणार आहे आणि लिटरला ३० रुपये मिळतात. दिवसाला १८० रुपये, २१ दिवसांचे ३,७८० रुपये पुढे ढकलले गेले. वरून तेवढ्या दिवसांची वैरण आणि ढेप. दोनदा उलटली तर दुप्पट. दहा-वीस गायींच्या गोठ्यात हा फटका वाटला जातो. ज्याच्याकडे एकच संकरित गाय आहे, तीही बचत गटाच्या कर्जातून घेतलेली, त्याच्या घरात तो थेट हप्त्यावर येतो.

म्हणूनच शिकण्याच्या काळातली देखरेख ही दयेची नसून न्यायाची बाब आहे. शिकणाऱ्याने चुकणे अटळ आहे. त्या चुकांचा भार सर्वांत गरीब कोठ्यावर टाकणे अटळ नाही.

वही हीच शिक्षिका

या कामातली आणखी एक कठीण गोष्ट म्हणजे उत्तर उशिरा मिळते. सुताराचा सांधा चुकला तर लगेच दिसतो. इथे रेतन आज झाले आणि ते जमले की नाही हे निश्चित कळते दोन-तीन महिन्यांनी, गर्भतपासणी केल्यावर. तोवर त्या हाताने आणखी कितीतरी गायींत तीच चूक केलेली असू शकते. गाय उलटली तर तिचा धनी बहुधा पुन्हा बोलावत नाही. तो तिला गुपचूप गोऱ्ह्याकडे नेतो. तंत्रज्ञाला वाटते, काम जमले.

या अंधारातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे नोंदवही. प्रत्येक रेतनाला तारीख, माज दिसल्याची वेळ, रेतनाची वेळ, कांडीवरचा वळूचा क्रमांक, गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, बंदूक कुठवर गेली, स्राव कसा होता. मग १८ ते २४ दिवसांत पुन्हा एक फेरी: उलटली का? आणि तीन महिन्यांनी गर्भतपासणी. ‘भारत पशुधन’ या सरकारी अ‍ॅपवर रेतनाची नोंद करावी लागते, ती आवश्यकच आहे. पण सरकारसाठी केलेली नोंद आणि स्वतःला शिकवण्यासाठी केलेली नोंद यांत फरक आहे. वहीत सलग दहा गायी उलटलेल्या दिसल्या की प्रश्न विचारता येतो: वेळ चुकते आहे, कांडी मेली आहे की हात चुकतो आहे? हा प्रश्न सुटला की पुढच्या दहा गायी वाचतात.

गर्भतपासणीचा दुहेरी फायदा आहे. तीन महिन्यांचे गर्भाशय, एक शिंग मोठे झालेले, भिंत पातळ, आत द्रव, हे बोटांना एकदा कळले की रिकामे गर्भाशय कसे लागते तेही पक्के होते. एखाद्या गावातल्या सगळ्या गायींच्या वंध्यत्व तपासणीचे शिबिर म्हणजे नवशिक्यासाठी सोन्याची संधी. एका दिवसात पशुवैद्यक शेजारी उभा असताना हाताला वेगवेगळी गर्भाशये लागतात: गाभण, रिकामी, सुजलेली, अविकसित. बंदूक हातात न धरताही यातून खूप शिकता येते, आणि गावालाही आपल्या गायींची खरी स्थिती कळते.

उरुळी कांचनचा धडा

घरपोच रेतनसेवेचा महाराष्ट्रातला मोठा अनुभव बाएफ या संस्थेचा आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९४६ पासून उरुळी कांचनला राहिलेल्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ही संस्था उभी केली. गायीला दवाखान्यात आणण्याऐवजी माणसाने कांडी घेऊन गायीकडे जावे, हा त्यांचा आग्रह होता. दुचाकीवर भांडे बांधून गावोगाव फिरणारा तंत्रज्ञ ही प्रतिमा त्या कामाने ग्रामीण महाराष्ट्रात रुजवली. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कामातून घ्यायचा धडा यंत्रसामग्रीचा नाही. रेतन ही एक घटना नसून साखळी आहे, हे तिथे ओळखले गेले. माज, रेतन, पाठपुरावा, गर्भतपासणी, वासरू, त्या वासराचे संगोपन. साखळीच्या प्रत्येक कडीला माणूस बांधलेला असला की त्याला आपल्या कामाचा परिणाम दिसतो, आणि परिणाम दिसला की हात सुधारतो. सरकारी कार्यक्रमांत किती रेतने झाली याची उद्दिष्टे असतात. किती वासरे जन्मली हे मोजले, तरच शिकण्याला दिशा मिळते.

कोणती कांडी उघडायची

हात तयार झाला की पुढचा प्रश्न येतो, आणि तो हाताचा नसून विचाराचा आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानपट्ट्यातल्या लहान चणीच्या गायीला कठाणी म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने नोंदवलेल्या नव्या जातींत कठाणी आहे. त्याच यादीत विदर्भाची पूर्णाथडी म्हैसही आहे. पाणथळ बांधीत काम करणारा बैल देणारी, थोड्या चाऱ्यावर जगणारी ही गाय. वर्षानुवर्षे तिला कागदावर ‘गावठी’ एवढेच नाव होते.

अशा लहान गायीला मोठ्या होल्स्टीन वळूची कांडी सोडली तर वासरू अंगाने मोठे होऊन प्रसूती अडू शकते. गायीचा जीव जाऊ शकतो. तंत्रज्ञाने गायीचे आकारमान, घरचा चारा, दुधाचा बाजार बघून बोलले पाहिजे. जिथे बाजाराअभावी दूध नासते तिथे जास्त दुधाचा लोभ दाखवू नये. जिथे चांगली संकरित गाय आहे आणि बाई रोज हिरवा चारा कापून आणते, तिथे सुधारित वळू जरूर वापरावा. त्याच वळूची कांडी त्याच्याच कालवडीला जाऊ नये, यासाठी वळूचा क्रमांक लिहिण्याची सवय पुन्हा कामी येते.

आता लिंग-वर्गीकृत कांडी आली आहे. ट्रॅक्टरमुळे गोऱ्ह्याची गरज घटली असताना ९० टक्क्यांपर्यंत कालवडी देणारी कांडी शेतकऱ्याला हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. पण नेहमीच्या कांडीत दोन कोटी शुक्राणू असतात, तर या कांडीत ते वीस लाखांच्या घरात. वेळ थोडी चुकली, रेत थोडे मागे पडले, तर ती माफ करत नाही. ती महागही असते. म्हणून पहिल्या वर्षभराच्या तंत्रज्ञाने ती स्वतःच्या भरवशावर वापरू नये. आधी साध्या कांडीवर आपले प्रमाण वहीत दिसू द्यावे.

महाराष्ट्राने गोजातीय प्रजननाच्या नियमनासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. रेत कुठून येते, रेतन कोण करते, प्रशिक्षण कोण देते, याला नियम असावेत, ही त्यामागची भूमिका योग्यच आहे. नोंदणीबरोबर देखरेखीत काढलेल्या सरावाची अटही तितक्याच काटेकोरपणे पाळली गेली, तर या कायद्याचा खरा लाभ कोठ्यापर्यंत पोचेल.

मधल्या काळाला धनी हवा

गोंदियापुरते बोलायचे तर यासाठी लागणारी बरीचशी माणसे जागेवर आहेत. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग आहे, दवाखाने आहेत, अनुभवी पशुधन पर्यवेक्षक आहेत, नागपूरला २००० मध्ये स्थापन झालेले पशुविज्ञान विद्यापीठ आहे. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पशुसखी गावोगाव आहेत. जोडणी करायची राहिली आहे.

प्रत्येक नव्या तंत्रज्ञाला प्रमाणपत्रानंतर सहा महिने एका दवाखान्याशी आणि एका अनुभवी हाताशी बांधून द्यावे. पहिली काही रेतने त्या अनुभवी माणसाच्या समोरच व्हावीत. धानकापणीनंतर, जनावरे रानात मोकळी होण्याच्या आधी, तालुक्यातालुक्यात वंध्यत्व तपासणीची शिबिरे घ्यावीत आणि सगळ्या नव्या तंत्रज्ञांना तिथे हात घालायला मिळावा. ज्या तालुक्यांत रेतने कमी होतात तिथल्या तरुणांना काही आठवडे दूधपट्ट्यात पाठवावे. राहण्याजेवण्याचा खर्च फार नाही, आणि तो फसलेल्या रेतनांच्या एकत्रित नुकसानीपेक्षा स्वस्तच पडेल. शिकण्याच्या काळात गाय उलटली तर दुसरे आणि तिसरे रेतन विनामूल्य, असे सरळ वचन शेतकऱ्याला द्यावे, आणि त्याचा भार तंत्रज्ञावर नव्हे तर योजनेवर असावा. ब्रुसेलोसिससारखा आजार जनावरातून माणसात येतो. वार अडकलेल्या गायीत उघडा हात घालायचा नाही, हे प्रत्येकाला शिकवावे आणि मोजे पुरवावेत.

तंत्रज्ञाने आपल्याकडून एवढे पाळावे: माहीत नसेल तर रेतन करू नये, दवाखान्याला कळवावे. गाय गाभण असल्याची शंका असेल तर बंदूक उचलू नये. उपचार आपले काम नाही हे लक्षात ठेवावे. आणि गाय उलटली तर धन्यापुढे ते मान्य करण्याची हिंमत ठेवावी. गावात विश्वास याच गोष्टीवर बसतो, प्रमाणपत्रावर बसत नाही.

झाडीपट्टीतल्या बाईच्या हाती महिन्याला दोन पैसे खेळते ठेवण्याची ताकद एका चांगल्या कालवडीत आहे. ती कालवड एखाद्या तरुणाच्या शिकत्या हातातून येणार आहे. त्या हाताला तयार व्हायला लागणारा वेळ आणि पैसा शासनाने, संस्थांनी आणि गावाने मिळून द्यावा. तो आज गरिबाच्या गायीकडून वसूल होतो आहे, आणि ते थांबवणे आपल्या हातात आहे.